कांग यात्से २ (६२५० मी.): मुंबई ते मुंबई ९ दिवसांत जमेल का?

मुलुंडचा_भटक्या

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघे ऑगस्टमध्ये लडाखमधल्या कांग यात्से २ चा बेत आखतोय. तिघांचेही अलंग-मदन-कुलंग (एएमके) झाले आहे, सार पास झाला आहे. बर्फावर दोर लावून चढाई मात्र कोणीच केलेली नाही. रजा ९ दिवसांची आहे. आराखडा असा:

पहिला दिवस विमानाने लेह, दुसरा दिवस आराम. तिसऱ्या दिवशी चोकदोला गाडीने जाऊन तिथून चुस्क्युर्मो. चौथ्या दिवशी कोंगमारू ला (ला म्हणजे खिंड) ओलांडून निमलिंग. पाचव्या दिवशी बेस कॅम्प आणि त्याच रात्री समिटसाठी निघायचे. सहाव्या दिवशी समिट करून परत, सातव्या दिवशी लेह. आठवा दिवस राखीव, नवव्या दिवशी मुंबई.

विचारायचे आहे ते असे:
१. हे वेळापत्रक चालेल का? विमानाऐवजी मनालीहून रस्त्याने गेलो तर उंचीची सवय जास्त चांगली होईल का?
२. डबल बूट (आत वेगळा उबदार बूट असलेले) आणि क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटाखाली लावायचे धातूचे दात) विकत घ्यावेत की लेहमध्ये भाड्याने?
३. मुंबईत राहून, तेही पावसाळ्यात, तयारी कशी करायची?
४. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्स गोळी घ्यावी की नाही?

---

घसारा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट देतो: नाही. तुमचे पाय कमी पडणार नाहीत, एएमके केलेल्या माणसाचे पाय या डोंगराला पुरतात. कमी पडतात ते दिवस.

तुमच्या आराखड्यातल्या फक्त झोपण्याच्या उंच्या एकाखाली एक लिहून बघा. लेह ३५००, लेह ३५००, चुस्क्युर्मो साधारण ४१५०, निमलिंग ४७०० च्या वर, आणि पाचव्या रात्री ५१०० वरून थेट ६२५० कडे. साधारण नियम असा की ३००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. तुम्ही तो नियम लागोपाठ दोनदा मोडताय, त्यातही चौथ्या दिवशी ५२०० मीटरच्या आसपासची खिंड ओलांडून. शिवाय सुरुवातच समुद्रसपाटीवरून. सकाळी मुंबईत पूर्ण हवेचा दाब आणि दुपारी लेहमध्ये त्याच्या साधारण ६५ टक्के. ५५०० मीटरवर तो निम्मा होतो आणि माथ्यावर निम्म्याहूनही कमी. शरीर यावर उपाय करते: श्वास वाढवते, लघवीवाटे क्षार बाहेर टाकून रक्ताचा समतोल साधते, पुढे तांबड्या पेशी वाढवते. पहिली दोन कामे व्हायला काही दिवस लागतात, तिसऱ्याला आठवडे. व्यायामाने यातले काहीच लवकर होत नाही. उलट तंदुरुस्त माणूस पहिल्या दोन दिवसांत भराभरा चालतो आणि त्यानेच आजारी पडतो.

आता चोकदोच्या वाटेबद्दल, कारण इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. निमलिंगला कोणाच्या फुप्फुसात पाणी झाले तर पहिला उपाय म्हणजे खाली उतरवणे. पण निमलिंगहून चोकदोकडे उतरायचे तर आधी साडेचारशे-पाचशे मीटर चढून कोंगमारू ला ओलांडावा लागतो. ज्याला बसल्या जागी धाप लागतेय त्याला तुम्ही खिंडीवर चढवणार? निमलिंगहून खरी उतरण आहे ती उलट दिशेला, थाचुंग्त्से-हांकर-मारखा अशी. ती लांबची आहे, पण पहिल्या पावलापासून खाली जाते. आजारी माणूस त्याच बाजूने, शक्यतो घोड्यावर, उतरवायचा. म्हणून मारखा दरीतून वर जाणे दोन्ही अर्थांनी बरे: उंची हळूहळू वाढते आणि मागे फिरायची वाट पायाखालची असते.

माझा आराखडा १४ दिवसांचा. लेहमध्ये तीन रात्री. चौथ्या दिवशी चिलिंगमार्गे स्किऊ, पाचव्या दिवशी मारखा गाव, साधारण ३७०० मीटर. सहाव्या दिवशी हांकरवरून थाचुंग्त्से, ४२०० च्या थोडे वर. सातव्या दिवशी निमलिंग. आठवी रात्रही निमलिंगलाच, फक्त दिवसा कोंगमारू लाच्या दिशेने तीन-चारशे मीटर चढून परत यायचे. नववा बेस कॅम्प, दोन-तीन तासांची चाल आहे. दहावा दिवस बर्फावर सराव. अकरावा समिट. बारावा राखीव. तेराव्या दिवशी खिंड ओलांडून चोकदो आणि गाडीने लेह, चौदाव्याला विमान.

राखीव दिवस समिटच्या आधी-नंतर जोडूनच हवा. तुमच्या आराखड्यात तो लेहला पोचल्यावर आहे. तिथे तो फक्त विमान चुकले तर कामाचा, डोंगरावर हवा बिघडली तर उपयोग शून्य.

मनाली रस्त्याबद्दल: हा समज फार पसरलेला आहे. त्या रस्त्यावर बहुतेक जण सरचूला मुक्काम करतात आणि सरचू ४२०० मीटरच्या वर आहे, म्हणजे लेहपेक्षा उंच. पहिल्याच रात्री डोकेदुखी तिथेच सुरू होते. रस्त्यानेच जायचे असेल तर श्रीनगर-कारगिल बाजूने जा. कारगिल २७०० च्या आसपास आहे, तिथली रात्र उपयोगी पडते. पण त्यात दोन दिवस जातात. तेवढेच दिवस लेहमध्ये घालवलेत तरी चालेल.

---

औषधपेटी

घसारा यांच्या आराखड्याला +१. औषधांबद्दल थोडे सविस्तर, कारण या विषयावर ऐकीव माहिती फार फिरते.

डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसेटाझोलामाइड. ते डोकेदुखी झाकत नाही. मूत्रपिंडातून बायकार्बोनेट बाहेर टाकून श्वास वाढवते, म्हणजे शरीर जे करणारच होते ते थोडे लवकर करवून घेते. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढायला लागायच्या आदल्या दिवसापासून. मुंबईहून थेट लेहला उतरणाऱ्याने ते घेणे मला योग्य वाटते, पण तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ती गोष्ट त्यांना आधी सांगा. निघण्याच्या दोनेक आठवडे आधी घरी दोन दिवस घेऊन बघा. बोटांना, ओठांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा बेचव लागतो. हे सगळे अपेक्षित आहे. तंबूत पहिल्यांदाच मुंग्या आल्या तर माणूस घाबरतो, म्हणून ही चाचणी घरी.

गोळी घेतली म्हणून दिवस कमी करता येत नाहीत. ५०० मीटरचा नियम गोळीसकट पाळायचा.

रोज संध्याकाळी तिघांनी एकमेकांना विचारायचे: डोके दुखतेय का, जेवण गेले का, मळमळ, चक्कर, थकवा? डोकेदुखी आणि जोडीला यातले काही असेल तर दुसऱ्या दिवशी उंची वाढवायची नाही. आराम करून वाढत असेल तर खाली. आणि पुढच्या दोन गोष्टींत तर सकाळची वाट बघायची नाही:

बसल्या जागी धाप, कोरडा खोकला, आडवे झाले की जास्त त्रास, ओठ निळसर. हे फुप्फुसात पाणी. नव्या उंचीवर पोचल्यानंतर बहुधा दुसऱ्या रात्री दिसते, म्हणून 'काल तर ठणठणीत होता' या वाक्याला काही अर्थ नसतो.

तोल जाणे, असंबद्ध बोलणे, खूप गुंगी. हे मेंदूला सूज. जमिनीवर सरळ रेषा धरून टाचेला चवडा लावत दहा पावले चालायला सांगा. तोल गेला तर तेवढे निदान पुरेसे आहे.

दोन्हींत खाली उतरवणे हाच उपचार. ऑक्सिजन आणि निफेडिपिन, डेक्सामेथासोन ही औषधे उतरेपर्यंत वेळ मिळवून देतात. मोहीम नेणाऱ्याकडे सिलिंडर भरलेला आहे का, त्याचा रेग्युलेटर आणि मास्क जोडून चालवून दाखवतो का, हे लेहमध्येच बघून घ्या. ऑक्सिमीटर जरूर न्या, पण थंड बोटांवर तो काहीही आकडे दाखवतो. हात चोळून गरम करा, मिनिटभर थांबा, मग वाचा. आणि आकडा चांगला असूनही माणूस आजारी दिसत असेल तर माणसावर विश्वास ठेवा.

झोपेच्या गोळ्या आणि दारू दोन्ही नको, रात्री श्वास मंदावतो. लेहमध्येच त्रास वाढला तर तिथले सोनम नोर्बू स्मारक रुग्णालय उंचीच्या आजारांना चांगले सरावलेले आहे, अंगावर काढू नका.

---

मुलुंडचा_भटक्या

दोघांचेही मनापासून आभार. खिंडीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. १५ ऑगस्टची सुट्टी जोडून १३ दिवस होतात, १४ होत नाहीत. यातला कोणता दिवस कापता येईल? सरावाचा दिवस कापला तर?

---

घसारा

सरावाच्या दिवसाला हात लावू नका, तुमच्यापैकी कोणीच क्रॅम्पॉन घातलेले नाहीत. स्किऊची रात्र कापा. स्किऊ लेहपेक्षा थोडे खालीच आहे, त्यामुळे तिथे झोपून उंचीची सवय काही वाढत नाही. चौथ्या दिवशी पहाटे लेह सोडायचे, गाडीरस्ता दरीत जिथवर पोचलाय तिथवर गाडी न्यायची आणि उरलेले चालून मारखा गाठायचे. लेहमध्ये तीन रात्री झाल्यावर ३७०० काही अवघड नाही.

एक सावधगिरी. रस्ता आत आल्यापासून काही जण दोन दिवसांत निमलिंग असे आराखडे विकतात. गाडीने वाचतो तो चालण्याचा वेळ. शरीराला लागणारा वेळ तेवढाच राहतो. मारखा आणि थाचुंग्त्से या दोन रात्री कुठल्याही परिस्थितीत ठेवा.

दरीत नदी ओलांडायची वेळ आली तर सकाळी. दुपारी वर बर्फ वितळते आणि सकाळी गुडघाभर असलेले पाणी मांडीपर्यंत येते. लडाख पर्जन्यछायेत आहे हे खरे, पण ६ ऑगस्ट २०१० ची लेहची ढगफुटी विसरू नका. तंबू नाल्याच्या पात्रात लावायचा नाही, जागा कितीही सपाट दिसली तरी.

---

टाचदोर

बूट-क्रॅम्पॉनचे मी सांगतो.

एका मोहिमेसाठी विकत घेऊ नका, भाड्यानेच घ्या. पण आधीच ठरवून ठेवा आणि तिसऱ्या दिवशी दुकानात बसून तासभर घालवा. तुमच्या लेहच्या तीन रात्रींचा हाही एक फायदा. डबल बूट एक पातळ आणि एक जाड लोकरी मोजा घालून बघायचे. नाडी बांधून पायरीच्या कडेवर बोटांच्या बाजूने लाथ मारा. अंगठा पुढे आदळला तर उतरताना नखे काळी होणार, एक नंबर मोठा घ्या. टाच उचलली जात असेल तर फोड येणार. आतला बूट ओला किंवा दबून पातळ झालेला नसावा, त्याच्यावरच ऊब अवलंबून असते.

क्रॅम्पॉन नेहमी बुटाला लावून निवडायचे, नुसते हातात धरून नाही. पट्टे न बांधताही बूट उचलला तर क्रॅम्पॉन लटकून राहिले पाहिजेत. पुढचे दोन दात बुटाच्या टोकापासून साधारण दोन-अडीच सेंटीमीटर बाहेर. टाचेची पकड असलेला प्रकार असेल तर बुटाच्या टाचेला खाच शाबूत हवी, भाड्याच्या बुटांत ती बहुधा झिजलेली असते. सगळीकडे पट्टेच असलेले क्रॅम्पॉन हळू बांधले जातात पण कुठल्याही बुटाला बसतात. तळाला रबरी पत्रा आहे ना बघा. तो नसेल तर ऊन लागलेले बर्फ दातांमध्ये साचते, गोळा होतो, आणि दात असूनही पाय घसरतो. असे झाले तर दर दोन-तीन पावलांनी अ‍ॅक्सच्या (बर्फात वापरायच्या कुऱ्हाडीच्या) दांड्याने बुटाच्या कडेवर ठोकायचे. बक्कल पायाच्या बाहेरच्या बाजूला, पट्ट्याचे लोंबते टोक खोचलेले. आत राहिले तर दुसऱ्या पायाचे दात त्यात अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो. त्याच कारणाने पाय नेहमीपेक्षा थोडे फाकवून टाकायचे. सह्याद्रीत आपल्याला बूट घासून, पंजावर चढायची सवय असते. इथे मध्यम उतारावर सगळे दात एकदम टेकवायचे, पाऊल सपाट.

सरावाच्या दिवशी या क्रमाने करून घ्या: क्रॅम्पॉन हातमोजे घालून आणि टॉर्चच्या उजेडात बांधणे, सरळ व आडवे चढणे, उतरणे, आणि अ‍ॅक्सने घसरण थांबवणे. शेवटचा प्रकार पोटावर, पाठीवर आणि डोके खाली अशा तिन्ही स्थितींतून, खाली सपाट जागा असलेल्या उतारावर, हेल्मेट घालून. हा सराव करताना क्रॅम्पॉन काढून ठेवा, नाहीतर दात रुतून घोटा मोडतो.

समिटच्या रात्री ११ ते १२ दरम्यान निघतात. पहिले दोन-एक तास मोरेन (हिमनदीने आणून टाकलेले दगडधोंडे) आणि घसारा, तिथे क्रॅम्पॉन नकोत. बर्फ सुरू होते तिथे, उतार लागायच्या आधीच्या सपाटीवर क्रॅम्पॉन आणि दोर. बरोबरचे काही लोक पुढे जाऊन उतारावर बांधतात, तसे करू नका. पुढचा उतार ३० ते ४५ अंशांचा आणि लांबलचक आहे. एका दोरावर चौघे असाल तर दोघांमध्ये आठ-दहा मीटर अंतर आणि दोर बर्फाला जेमतेम टेकेल इतका ताठ. दोराची वेटोळी हातात धरून चालणे धोक्याचे, कारण पुढचा बर्फातल्या भेगेत गेला तर झटका येईपर्यंत तो तेवढा खोल गेलेला असतो.

परत फिरायची वेळ बेस कॅम्पलाच ठरवा. मी सकाळी ९ म्हणेन, माथा पन्नास मीटरवर असला तरी. नऊनंतर ऊन उतारावर येते, बर्फ मऊ होते, भेगांवरचे बर्फाचे पूल कमजोर होतात, आणि सगळ्यात दमलेले पाय नेमके त्याच वेळी उतरत असतात. माथ्यावरून कांग यात्से १ कडे जाणारी धार अगदी जवळ दिसते. तो वेगळ्या तयारीचा डोंगर आहे, तिकडे चार पावलेही जाऊ नका.

थंडी उणे १० धरून कपडे घ्या, वारा असेल तर आणखी. पाण्याच्या पिशवीची नळी तासाभरात गोठते. रुंद तोंडाच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून, उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरते, म्हणजे झाकण मोकळे राहते. टॉर्चचे जादा सेल अंगाजवळच्या खिशात. हातमोजे तीन थरांचे, आणि बाहेरच्या थराला मनगटाची दोरी, उतारावर निसटलेला मोजा परत मिळत नाही. उन्हाचा चष्मा श्रेणी ४ चा (सगळ्यात गडद), कडेने झाकलेला.

---

कान्हेरी_ते_कळसूबाई

तयारीचा प्रश्न राहिलाच. तीन महिने हातात असतील तर पुरे.

आठवड्यात दोन दिवस इमारतीचा जिना. वीस मजले म्हणजे साधारण ६० मीटर, पंधरा फेऱ्या म्हणजे ९०० मीटर, जवळपास बारीतून कळसूबाई. पाच फेऱ्यांपासून सुरू करा, पाठीवर आधी ५ किलो, मग दर दोन आठवड्यांनी दोन किलो वाढवत १२ पर्यंत. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या घ्या, गुडघा कुरकुरला तर वरच ओतून देता येतात. खाली लिफ्टने येण्याचा मोह होतो, पण निदान एक तृतीयांश फेऱ्या पायी उतरा. समिटनंतर ११०० मीटर उतरायचे असते आणि मांड्या तिथेच जातात.

दोन दिवस सलग दीड-दोन तास सावकाश चाल, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या गेटपासून कान्हेरीच्या वाटेने आणि परत. वेग इतकाच की पूर्ण वाक्य न तुटता बोलता यावे. मुंबईच्या दमटपणात नाडी उगाच वर जाते, म्हणून मिनिटे-किलोमीटर मोजू नका. रविवारी डोंगर. कळसूबाई एका दिवसात दोनदा, किंवा शनिवार-रविवार सलग दोन ट्रेक, म्हणजे दमलेल्या पायांनी चालायची सवय लागते. पावसात शिड्यांवर गर्दी आणि निसरडे असते, पहाटेच चढा. जून-जुलैत बऱ्याच ठिकाणी बंदी आदेश निघतात, घरून निघण्याआधी बघा. पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली, तीनदा वीस, सॅकसकट. पुढच्या दातांवर उभे राहताना हाच स्नायू लागतो.

शेवटच्या आठवड्यात सगळे निम्म्यावर आणा. सर्दी-खोकला घेऊन विमानात बसू नका, तारीख पुढे ढकला.

---

मुलुंडचा_भटक्या

१३ दिवसांचा आराखडा पक्का केला. सामानाबद्दल शेवटचे: विमानात काय चालत नाही? आणि तिथे फोन लागतो का?

---

टाचदोर

अ‍ॅक्स, क्रॅम्पॉन, काठ्या चेक-इनमध्ये, दातांवर रबरी टोप्या किंवा जाड पुठ्ठा बांधून. गॅसचे डबे कुठेच चालत नाहीत, लेहमध्ये घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. डबल बूट स्वतःचे असतील तर तेही हातात, सामान उशिरा आले तर बाकी सगळे भाड्याने मिळते, मापाचे बूट मिळतीलच असे नाही.

बाहेरचे प्रीपेड कार्ड लडाखमध्ये चालत नाही, निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या. लेह सोडल्यावर दरीत नेटवर्क धरूच नका. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र परवानगीशिवाय भारतात वापरणे बेकायदेशीर आहे, परदेशातून कोणी आणून देत असेल तरी नेऊ नका. आयएमएफची (इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनची) परवानगी कोणाच्या नावे आणि किती जणांची आहे, त्याची प्रत पैसे भरण्याआधी मागा. विम्याचे कागद वाचा: 'ट्रेकिंग'च्या पॉलिसीतून दोर-अ‍ॅक्स लागणारी चढाई आणि ठरावीक उंचीच्या वरचे सगळे बहुधा वगळलेले असते.

---

औषधपेटी

एकच भर. लेहला उतरलात की पहिल्या दिवशी बाजारातसुद्धा जाऊ नका. खोलीवर पडून राहा, पाणी प्या, संध्याकाळी हलके जेवा. शांती स्तूपाच्या पायऱ्या तिसऱ्या दिवशी, सॅकशिवाय.